मराठीत लावलेला अँड्रॉइड: कोल्हापुरात वापरताना कुठं अडतं, काय सुधारायला हवं

राजारामपुरी असो की गांधीनगर, दहा ते वीस हजारांचा फोन घ्यायला गेलं की काउंटरवर कॅमेरा दाखवला जातो, चार्जरचे वॉट सांगितले जातात, रॅम सांगितली जाते. फोनची भाषा मराठी करून, त्यात एक नाव शोधून, एक मेसेज टाइप करून कोणी दाखवत नाही. फोन घरी नेल्यावर रोज ज्या गोष्टींवर अडतो, त्यातल्या बहुतेक तिथंच उघड्या पडल्या असत्या. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका मॉडेलचं नाही. या किमतीच्या फोनवर येणारं अँड्रॉइड १३ ते १५, त्यावर प्रत्येक कंपनीनं चढवलेला आपापला थर (म्हणजे मेनू आणि सेटिंग्ज बदलणारं तिचं स्वतःचं सॉफ्टवेअर), आणि पूर्ण मराठीत लावलेला तो फोन दुकान, शेती, घर अशा कामांत कसा चालतो, एवढ्यापुरतं हे आहे.

निकाल आधीच सांगतो: पाचपैकी तीन. मराठी पडद्यावर चांगली दिसते. पण शोधणं, आकडे लिहिणं, क्रम लावणं, मोठ्यानं वाचून दाखवणं या कामांत ती अर्ध्या वाटेत थांबते. दुसरा मोठा दोष भाषेचा नाही. बॅटरी वाचवण्यासाठी फोन नेमकी कामाची ॲप झोपवतो आणि तसं सांगतही नाही. नव्या एआय सोयींची जाहिरात कितीही झाली तरी या दोन गोष्टी नीट होणं आपल्याकडच्या माणसाला जास्त उपयोगाचं आहे.

आकड्यांचा घोळ

भाषा मराठी केली की घड्याळ, तारीख, बॅटरीची टक्केवारी सगळं देवनागरी आकड्यांत येतं. वाचायला छान वाटतं. मग एखाद्या दिवशी सरकारी योजनेचा किंवा विम्याचा अर्ज भरताना जन्मतारीख निवडली की ‘तारीख चुकीची आहे’ असं येतं. पुन्हा निवडा, पुन्हा तेच. नेट बदलून बघितलं जातं, ॲप काढून परत टाकलं जातं, शेवटी ‘सर्व्हर डाऊन असेल’ म्हणून सोडून दिलं जातं. सर्व्हर बहुतेक वेळा ठीक असतो.

कारण असं आहे. कुठल्या भाषेत तारखा आणि आकडे कसे लिहायचे याची सीएलडीआर नावाची सामाईक माहिती अँड्रॉइड वापरतो. तिच्यात मराठीचे मूळ आकडे देवनागरी धरले आहेत, हिंदीचे मात्र इंग्रजी. ॲप बनवणाऱ्यानं तारीख तयार करताना भाषा ठरवून दिली नाही तर फोनची भाषा घेतली जाते. मग २००१ हे साल सर्व्हरकडे देवनागरीतच जातं आणि तिकडच्या यंत्रणेला ती आकडा नसलेली काहीतरी चिन्हं वाटतात. ॲपची चाचणी इंग्रजी आणि हिंदीत होते, दोन्हीकडे ते सुरळीत चालतं, आणि मराठी लावलेल्या फोनवरच बिघडतं. म्हणून हा दोष वर्षानुवर्षं कोणाच्या नजरेला पडत नाही.

यावर दोन उपाय आहेत. अँड्रॉइड १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते: सेटिंग्ज, मग सिस्टम, मग भाषा, मग ॲपच्या भाषा. अडणारं ॲप तेवढं इंग्रजी करायचं, बाकी फोन मराठीच राहतो. अँड्रॉइड १४ पासून भाषांच्या पानावरच प्रदेशानुसार पसंती ठरवायचा विभाग आला आहे. तापमानाचं एकक, आठवड्याचा पहिला वार आणि आकड्यांची लिपी तिथं बदलता येते. अक्षरं मराठी आणि आकडे इंग्रजी असं ठेवलं की बहुतेक ॲपची कुरकूर थांबते. काही कंपन्यांनी आपल्या थरात हे पान वेगळ्या जागी ठेवलं आहे. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘भाषा’ टाकून बघा.

सुधारणा काय हवी ती सोपी आहे. फोन पहिल्यांदा सुरू करताना मराठी निवडली की लगेच खाली ‘आकडे कसे हवेत’ असा एक प्रश्न विचारावा. आज ही निवड पाच पानं आत आहे आणि ज्याला तिची गरज आहे त्याला ती असल्याचीच माहिती नसते.

एक पाटील शोधून दाखवा

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही फोनमध्ये पाटील किती असतील याची मोजदाद नको. पाटील सर, पाटील गूळ, पाटील ट्रॅक्टर, पाटील वरची आळी. त्यातले निम्मे इंग्रजीत सेव्ह केलेले, काही ‘पाटील’, काही घाईत ‘पाटिल’. आता शोधपट्टीत मराठीत पाटील टाका: इंग्रजीतले येत नाहीत. इंग्रजीत टाका: मराठीतले येत नाहीत. ‘टि’ ऱ्हस्व असलेला तर दोन्हीकडून सुटतो. यादीचा क्रमही तसाच असतो. इंग्रजी नावं एकीकडे, सगळी देवनागरी नावं दुसरीकडे, त्यामुळे एकाच घरातली माणसं यादीच्या दोन टोकांना जातात. नंबर लावायच्या पॅडवर ७२८४५ दाबलं की इंग्रजीतला पाटील वर येतो, मराठीतला बहुतेक फोनवर येत नाही, कारण त्या बटणांवर देवनागरी अक्षरं नेमलेलीच नसतात.

हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. एका लिपीतलं नाव दुसऱ्या लिपीत कसं लिहिलं जाईल हे काढणारे नियम अँड्रॉइडच्या आतल्याच भांडारात आहेत. आपण इंग्रजीत टाइप केलं की कीबोर्ड मराठी अक्षरं देतो ते अशाच मार्गानं. तीच समज नावांच्या शोधात लावायची आहे. सोबत इ-ई, उ-ऊ यांचा फरक शोधताना सैल धरायला हवा, आणि चौगुले शोधताना चौगलेही पुढं करायला हवं. लिहिताना शुद्धलेखन काटेकोर असावं, शोधताना फोननं समजून घ्यावं.

तोपर्यंतचा उपाय: संपर्क उघडून ‘अधिक फील्ड’मध्ये जा, तिथं टोपणनावाची जागा असते. नाव मराठीत ठेवा आणि टोपणनावात तेच इंग्रजीत लिहा. बहुतेक संपर्क ॲप शोधताना ती जागाही बघतात. रोजच्या तीस-चाळीस नावांना एवढं केलं तरी पुरतं. गूगलच्या संपर्कांचं पान संगणकावर उघडून केलं तर काम अर्ध्या तासात होतं.

याच जातीचा पण जास्त खोल गेलेला दोष मेसेज शोधताना दिसतो. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. यातलं ‘ऱ्य’ दोन रीतींनी साठवलं जातं. एक रीत युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीतल्या, ०९३१ क्रमांकाचा ‘ऱ’ वापरते. दुसरी साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह, म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, वापरते. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, फोनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. तिसरा प्रकार चुकीचा, पण सर्रास आढळणारा आहे: ‘य’वर रफार चढवलेला. म्हणून साखर कारखान्याचा किंवा सोसायटीचा ‘शेतकऱ्यांना कळवण्यात येते’ असा जुना मेसेज शोधला तर कधी सापडतो, कधी नाही. पाठवणाऱ्यानं कुठला कीबोर्ड वापरला होता यावर ते ठरतं. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चंही तेच. ०९७२ क्रमांकाचं एकसंध अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं अक्षर यांना युनिकोड एक मानत नाही. शोधणाऱ्या ॲपनंच हे भेद मिटवायला हवेत. ते आज फारसं कोणी करत नाही, आणि मराठी वापरणाऱ्यांनी सगळ्यात आधी मागावी अशी सुधारणा हीच.

टायपिंग

जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डचं मराठी टायपिंग या सगळ्यात उजवं. सरळ मराठी कीबोर्ड, इंग्रजी अक्षरांतून मराठी, बोटानं लिहून मराठी, बोलून मराठी, असे चारही मार्ग आहेत आणि चारही कामाचे आहेत. पन्नाशीपुढच्या माणसाला बोटानं लिहिण्याचा मार्ग दाखवा. पाटीवर लिहिल्यासारखं असल्यामुळे शिकवावं लागत नाही. जीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये भाषा, मग कीबोर्ड जोडा, मग मराठी, आणि वरच्या प्रकारांतून हस्ताक्षर निवडायचं.

इंग्रजी अक्षरांतून टाइप करताना ल आणि ळ, न आणि ण यांत गफलत होते: काळे हवं तर काले येतं. कीबोर्ड सूचनांच्या पट्टीत बरोबर शब्द देतो, पण घाईत पहिलाच शब्द बसतो. एकदा दुरुस्त केलेलं आडनाव त्यानं कायमचं लक्षात ठेवायला हवं. वैयक्तिक शब्दकोशात ते हातानं घालता येतं: जीबोर्डमध्ये डिक्शनरी, मग पर्सनल डिक्शनरी, मग मराठी. तिथं शब्दासोबत शॉर्टकटही देता येतो. आपल्या गावाचं नाव, गल्ली, बँकेची शाखा, रोज लागणारं वाक्य घालून ठेवा, बराच वेळ वाचतो.

बोलून टाइप करण्यात एक खास आपली अडचण आहे. तराजूजवळचा माणूस एक पूर्णांक पाच दशांश म्हणत नाही, दीड म्हणतो. सव्वा, पावणेदोन, अडीच, साडेतीनशे ही आपली रोजची मोजणी आहे. हे शब्द बोलले की हवं तेव्हा आकडे उमटावेत असा पर्याय मिळाला तर लक्ष्मीपुरीतल्या धान्य दुकानापासून दूध संस्थेपर्यंत सगळ्यांची हिशेबाची वही फोनवर येईल.

अक्षरं मोठी करण्याबद्दलही सांगायला हवं. अँड्रॉइड १४ पासून अक्षर दुपटीपर्यंत वाढवता येतं आणि आधीच मोठी असलेली शीर्षकं त्या मानानं कमी वाढतात. ही चांगली सुधारणा आहे. पण ओळीची उंची इंग्रजीच्या मापानं ठेवलेली असते. त्यामुळे मोठ्या अक्षरांत काही ॲपमध्ये ‘र्थी’सारख्या अक्षराचा रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, खालचा उकार पुढच्या ओळीत घुसतो, आणि बटणावरचं लांब मराठी वाक्य तीन टिंबांत संपतं. ‘रद्द’ आणि ‘पुढे’ यांतलं कुठलं बटण कुठलं हेच कळलं नाही, तर ज्याच्यासाठी अक्षर मोठं केलं तोच माणूस अडतो.

मेसेज

मराठी एसएमएस महाग का पडतो, हे फोननं सांगायला हवं. एका एसएमएसमध्ये १४० बाइट जागा असते. इंग्रजीत तेवढ्यात १६० अक्षरं बसतात. मेसेजमध्ये एक जरी देवनागरी अक्षर आलं तरी सगळ्या मेसेजची मर्यादा ७० वर येते, आणि मेसेज लांबला तर प्रत्येक तुकड्यात ६७. शिवाय मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांना’ दिसायला पाच अक्षरांचा, मोजणीत अकरा. रिचार्जमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतील आणि मंडळाचा किंवा सोसायटीचा निरोप तीन तुकड्यांचा झाला तर तेहतीस लोकांतच कोटा संपतो. लिहिण्याच्या चौकटीशेजारी ‘हा मेसेज ३ धरला जाईल’ असं मराठीत स्पष्ट यावं. आज काही ॲपमध्ये कोपऱ्यात बारीक आकडे येतात, त्यांचा अर्थ कोणाला लागत नाही.

फसवणुकीच्या मेसेजबाबत तर सुधारणेचा कच्चा माल फोनच्या हातात आधीच आहे. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२५ च्या नियमानुसार कंपन्या आणि बँका यांच्या मेसेजमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाला शेवटी एक अक्षर जोडलेलं असतं: पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. मेसेज ॲपनं हे अक्षर वाचून मेसेजच्या डोक्यावर मराठीत ‘जाहिरात’ किंवा ‘बँक व्यवहार’ असा ठळक पट्टा लावावा. ‘वीज आज रात्री तोडली जाईल, या नंबरवर फोन करा’ असा मेसेज साध्या दहा आकडी नंबरवरून आला तर ‘हा खासगी नंबर आहे’ असं लाल अक्षरांत यावं. हे होईपर्यंत घरातल्या मोठ्यांना एवढंच शिकवा: पैशाचा किंवा विजेचा मेसेज असेल तर आधी वर बघायचं, तिथं दहा आकडी नंबर दिसला तर उत्तर द्यायचं नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा.

काउंटरवरचा फोन झोपतो तेव्हा

दुकानातला फोन गल्ल्याशेजारी चार्जरला लावलेला असतो. गिऱ्हाईक क्यूआर स्कॅन करतं, ‘झालं’ म्हणतं, आणि व्यापाऱ्याच्या फोनवर काहीच वाजत नाही. दहा मिनिटांनी फोन उघडला की पाच व्यवहारांच्या सूचना एकदम येतात. दोष पेमेंट ॲपला दिला जातो. खरी गडबड फोनच्या कंपनीनं चढवलेल्या थरात असते.

अँड्रॉइडची स्वतःची बॅटरी बचत समजूतदार आहे. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन पडून राहिला की ॲपची कामं थोडी थोडी लांबवली जातात. पण तातडीचा म्हणून आलेला निरोप ॲपला जागं करू शकतो. अनेक कंपन्या त्याच्या पुढं जाऊन ॲप मुळातूनच बंद करतात. सक्तीनं बंद केलेल्या ॲपपर्यंत तातडीचा निरोपही पोहोचत नाही, ते कोणीतरी हातानं उघडेपर्यंत. बॅटरी दोन दिवस टिकते अशी जाहिरात करता यावी म्हणून हे होतं आणि त्याची किंमत काउंटरवर मोजली जाते.

दुरुस्ती तीन ठिकाणी करावी लागते. पहिलं, सेटिंग्ज, ॲप, ते पेमेंट ॲप, बॅटरी, आणि तिथं ‘अनरिस्ट्रिक्टेड’. दुसरं, कंपनीच्या स्वतःच्या पानावर ‘ऑटोस्टार्ट’ नावाचं बटण असेल तर ते चालू. तिसरं, त्याच ॲपच्या पानावर तळाशी, वापर नसल्यास ॲप थांबवा अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद. हे तिसरं बटण अँड्रॉइड १२ पासून काही महिने न उघडलेलं ॲप झोपवतं आणि त्याच्या परवानग्याही काढून घेतं. हंगामी वापराच्या ॲपला, समजा फक्त गाळपाच्या दिवसांत लागणाऱ्या कारखान्याच्या ॲपला, त्याचा हमखास फटका बसतो. सूचनांच्या पानावर पेमेंटच्या सूचनेला आवाज दिला आहे का तेही बघा. अँड्रॉइड ८ पासून एकाच ॲपच्या जाहिरातीच्या आणि व्यवहाराच्या सूचना वेगवेगळ्या बंद-चालू करता येतात. जाहिरातीची बंद करा, व्यवहाराची ठेवा. आलेली सूचना चुकून पुसली असेल तर अँड्रॉइड ११ पासून सूचनांचा इतिहास ठेवता येतो, मात्र तो आधी चालू करून ठेवावा लागतो.

मागणी एकच: फोननं एखादं ॲप बंद केलं की तसं सांगावं. ‘बॅटरीसाठी हे ॲप आज चार वेळा बंद केलं, पुढं करायचं का?’ एवढा एक प्रश्न पुरे.

शेतीच्या फोनला याचीच दुसरी बाजू आहे. रात्रपाळीच्या विजेत मोटर चालू-बंद झाली की सिम असलेला मोबाइल स्टार्टर कॉल करतो. फोन ‘व्यत्यय आणू नका’वर असेल तर तो कॉल वाजत नाही. स्टार्टरचा नंबर संपर्कात तारांकित करा आणि ‘व्यत्यय आणू नका’मध्ये तारांकित लोकांचे कॉल चालू ठेवा. त्याच पानावर परत कॉल करणाऱ्याला वाजू द्या असाही पर्याय आहे. पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजतो. घरच्यांना हा नियम सांगून ठेवावा.

फोन दुसऱ्याच्या हातात देण्याची वेळ दुकानात रोज येते: डिझाइन दाखवायचं, फोटो दाखवायचा. त्यासाठी ॲप पिन करण्याची सोय आहे. सुरक्षिततेच्या पानावर ती चालू करा आणि ‘सोडवताना पिन विचारा’ हेही चालू करा, म्हणजे गिऱ्हाइकाला तेवढंच ॲप दिसतं. सोय उत्तम आहे. पण ती इतकी आत दडवली आहे की गुजरीतल्या सराफालाही माहीत नसते, आणि त्यालाच तिची सगळ्यात जास्त गरज आहे.

जागेबद्दल थोडक्यात. १२८ जीबीचा फोन भरतो तो मुख्यतः व्हॉट्सॲपच्या ग्रुपांनी. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा, मग मॅनेज स्टोरेज. तिथं अनेकदा फॉरवर्ड झालेल्या आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली वेगळ्या दिसतात, आधी त्या काढा. मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करा. २०२४ पासून व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत मोजला जातो. तो भरला की ईमेल येणंही थांबतं, म्हणून बॅकअपमधून व्हिडिओ वगळा.

अपडेटबाबत फोन घेतानाच विचारायचं: किती वर्षं, आणि तारीख कुठपासून धरली. काही कंपन्या महागड्या फोनला सात वर्षं देतात, २०२४ मध्ये एका स्वस्त मॉडेललाही सहा वर्षांचं वचन मिळालं. म्हणजे करायचं ठरवलं तर जमतं. ‘अबाउट फोन’मध्ये अँड्रॉइड आवृत्तीवर टॅप केलं की सुरक्षा अपडेटची तारीख दिसते. दुकानातल्या नव्या डब्यातल्या फोनवर ती वर्षभर जुनी असेल तर तो फोन तेवढ्या वर्षानं म्हातारा समजा.

पुराच्या दिवसांतला फोन

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, चिखली-आंबेवाडीची माणसं घरं सोडून बाहेर पडली. त्या काळात वीज नसते, टॉवर बंद पडतात, आणि हातात उरतो तो अर्धा चार्ज असलेला फोन. या प्रसंगासाठी अँड्रॉइडमध्ये बरंच काही आहे, पण ते पाच ठिकाणी विखुरलेलं आहे.

सेल ब्रॉडकास्ट ही त्यातली सर्वांत मोलाची सोय. २०२३ मध्ये देशभर ज्या मोठ्या आवाजाच्या चाचणी सूचना फोनवर आल्या त्या याच मार्गानं. टॉवरच्या टापूतल्या सगळ्या फोनवर निरोप एकदम जातो. इंटरनेट लागत नाही, नंबर माहीत असावा लागत नाही, नेटवर्कवर गर्दी असली तरी तो पोहोचतो. सेटिंग्जमध्ये सेफ्टी अँड इमर्जन्सी, मग वायरलेस इमर्जन्सी अलर्ट, तिथली बटणं चालू आहेत का बघा. त्या चाचणीच्या आवाजानं दचकून अनेकांनी ती बंद केली आहेत. एक खाच लक्षात ठेवा: बॅटरी वाचवायला फोन विमान मोडवर टाकला तर हा निरोप येत नाही. त्याऐवजी नेटवर्कचा प्रकार ५जी वरून ४जी करा, वाय-फाय आणि लोकेशन बंद करा, एक्स्ट्रीम बॅटरी सेव्हर असेल तर तो लावा आणि त्यात फोन व मेसेज तेवढे चालू ठेवा. सिग्नल अगदीच गेला असेल तर फोन तो शोधत राहून बॅटरी संपवतो. तेव्हा विमान मोड लावून दर अर्ध्या तासानं पाच मिनिटं उघडणं बरं.

इथं हव्या असलेल्या सुधारणा आम्ही सगळ्यांत वर ठेवू. ही सगळी बटणं एका ‘आपत्ती’ बटणाखाली यावीत. आलेला निरोप मराठीत मोठ्यानं वाचून दाखवला जावा, कारण घरात चष्मा नसलेली आजी एकटी असू शकते. एकदा ‘ओके’ केलं की निरोप डोळ्यांआड जातो आणि त्याचा इतिहास सेटिंग्जच्या आत शोधावा लागतो; तो दोन दिवस तरी लॉक स्क्रीनवर राहावा. आणि तो पुढं पाठवताना कोणी, किती वाजता दिला हे सोबत जावं. पाऊस लागला की व्हॉट्सॲपवर जुन्या पुराचे व्हिडिओ फिरू लागतात. त्या गोंधळात ‘राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर, इशारा पातळी’ हा खरा निरोप आणि ‘४३ ओलांडली, धोका पातळी’ ही कालची अफवा यांतला फरक वेळ बघूनच कळतो.

नकाशांबद्दल शेवटचं. आपल्याकडचे कोल्हापुरी बंधारे उन्हाळ्यात रस्ता म्हणून वापरले जातात आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद होते. नकाशाच्या लेखी मात्र तो बारमाही रस्ता असतो, आणि जवळचा म्हणून रात्री परगावचा चालक नेमका तिकडं वळवला जातो. रस्त्याला ‘पावसाळ्यात बंद’ अशी कायमची खूण देता यायला हवी, म्हणजे जून ते ऑक्टोबर फोन आपणहून विचारेल. सध्या एवढंच करता येतं: नकाशात रस्ता बंद असल्याची तक्रार टाकायची. ती एकट्यानं टाकून थांबू नका, गावातल्या चार-पाच फोनवरून टाका. करवीर, हातकणंगले, शिरोळ एवढा भाग ऑफलाइन उतरवून ठेवा; नकाशात प्रोफाइलच्या चित्रावर टॅप, मग ऑफलाइन नकाशे, मग चौकट ओढून निवडायची. ऑफलाइन नकाशाला आज कुठला बंधारा बुडाला ते कळत नाही, म्हणून नदीकाठी वळण्याआधी गावात विचारायचं. हे सगळं मे महिन्यात, घरचं वाय-फाय आणि वीज दोन्ही धड असताना करून ठेवा, आणि लॉक स्क्रीनवरच्या आपत्कालीन माहितीत रक्तगट, रोजची औषधं आणि दोन नंबर मराठी व इंग्रजी दोन्हींत भरा.